व्हॅस्क्युलर सर्जरीचा जाडा ग्रंथ कसा वाचायचा

जळगाव-धुळ्याकडे सर्जरी करणाऱ्या पोरांनो, व्हॅस्क्युलरचा म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सर्जरीचा तो ठोकळा पहिल्या पानापासून वाचू नका, पेशंट बघा आन त्याचाच चॅप्टर उघडा. कापसाच्या शेतात अनवाणी फिरणारा शुगरवाला काका पायाची जखम घेऊन आला की आधी पायाची पल्स हाताने चाचपा, मग एबीआय (अँकल-ब्रेकियल इंडेक्स) काढा, म्हणजे घोट्याचं सिस्टॉलिक (बीपीचा वरचा आकडा) प्रेशर भागिले दंडाचं. ०.९ किंवा कमी म्हणजे पायाला रक्त कमी जातंय, पण १.४ च्या वर आलं म्हणून खूश नका होऊ, शुगरमध्ये रक्तवाहिन्या कडक होतात नि आकडा फसवतो, तिथे पायाच्या अंगठ्याचं प्रेशर बघायचं. मग रात्री तेवढाच चॅप्टर, तक्त्यांसकट.

पाय अचानक गार पडलाय? पुस्तक राहू द्या, सीनियरला फोन लावा, हेपॅरिनचं (रक्त गोठू न देणारं औषध) विचारा, पाय वाचवायला साधारण ६ तासच असतात हातात.