घरचा सावरडो: बॅक्टेरियांना पुरता वेळ कसा द्यायचा

सावरडो, म्हणजे घरच्या खमिरानं आंबवलेला ब्रेड, म्हटलं की लोक आंबट चवीचंच बोलतात, पण त्यात पोटाच्या कामाचं जे काही तयार होतं ते लॅक्टिक अॅसिड बॅक्टेरिया करतात आणि त्याला तास लागतात, म्हणून पाकिटातलं यीस्ट टाकून घाई करू नका प्लीज.

आधी पीठ. मैदा नको, शरबती गहू चक्कीवर दळून आणा आणि कोंडा चाळून टाकू नका. लोह, झिंक, मॅग्नेशियम कोंड्याकडेच जास्त असतं, फक्त तिथलं फायटिक अॅसिड ते धरून ठेवतं. पीठ आंबलं की गव्हातलंच फायटेज नावाचं एन्झाइम जोरात काम करतं आणि ही खनिजं मोकळी होतात.

खमिरासाठी काचेच्या बरणीत 50 ग्रॅम कणीक, 50 ग्रॅम पाणी, झाकण सैल. आपल्या इंदुरात नळाला नर्मदेचं पाणी येतं त्यात क्लोरीन असतं, उकळून गार करून घ्या. रोज अर्धं काढून तेवढंच नवं पीठ-पाणी घाला. दुसऱ्या दिवशी बुडबुडे आले तरी वापरू नका, ते भलतेच बॅक्टेरिया असतात. साधारण आठ-दहा दिवसांनी खमीर चार-सहा तासांत दुप्पट व्हायला लागलं, ताकासारखा वास आला, की झालं.

मग 400 ग्रॅम कणीक, 300 पाणी, 80 खमीर, 8 मीठ, मळून झाकून ठेवा. मे महिन्यात तीन तासही पुरतात, जानेवारीत सात-आठ लागतील. त्यानंतर रात्रभर फ्रीजमध्ये, ही पायरी गाळू नका. या वेळात लॅक्टिक अॅसिड वाढतं, त्यामुळे ब्रेड खाल्ल्यावर साखर जरा हळू चढते (म्हणून शुगरच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत हां), प्रथिनं तुटून छोटे पेप्टाइड होतात आणि काही जातींचे बॅक्टेरिया ग्लुटामेट या अमिनो अॅसिडपासून गाबा (मेंदूतही असणारं एक संदेशवाहक रसायन) बनवतात.

सकाळी 230 डिग्रीला चाळीसेक मिनिटं भाजा. भाजताना बॅक्टेरिया मरतात, त्यामुळे दह्यासारखा प्रोबायोटिक म्हणून हा ब्रेड खाऊ नका, पण त्यांनी बनवलेली अॅसिडं बरीचशी ब्रेडमध्ये राहतात. ग्लुटेन हे गव्हातलं प्रथिनही राहतंच, सीलिअक (ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार) असलेल्यांनी अजिबात खायचा नाही.

त्याच अॅसिडांमुळे बुरशी उशिरा लागते, कापडात गुंडाळून दोन-तीन दिवस बाहेर ठेवा, पावसाळ्यात मात्र काप करून फ्रीझरमध्ये.