'मृत त्वचा' घासून काढताय? या चुका टाळा

'मृत त्वचा काढून टाका' हा सल्ला पहिल्यांदा कुणी दिला ते कळलं, तर मला त्याच्याशी भांडायचंय. त्वचेचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचाच असतो आणि राखण तोच करतो. बहुतेक अंगावर 15-20 पापुद्रे, सगळे मिळून जेमतेम 0.02 मिलिमीटर, साध्या कागदाचा पाचवा हिस्सा. तळहात-तळपायांवर तो बराच जाड असतो, ती गोष्ट वेगळी. केराटिन या चिवट प्रथिनाने भरलेल्या चपट्या पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्यामधे सिरॅमाइड नावाचे मेद, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लांचा गिलावा. अंगातलं पाणी अंगात राहतं ते मुख्यतः या गिलाव्यामुळे.

सगळ्यात मोठी चूक घासण्याची, आणि ती मी स्वतः केली आहे. एका हिवाळ्यात नडग्यांवर पांढरट कोंडा दिसायला लागला. मळ समजून खरखरीत घासणी आणली. घासलं की दोन तास पाय तुकतुकीत, संध्याकाळी कोंडा दुप्पट. मग आणखी जोरात घासलं. तिसऱ्या आठवड्यात बारीक भेगा पडल्या आणि क्रीम लावलं की आग व्हायला लागली. मला वाटलं, औषध लागू पडतंय! त्वचेच्या डॉक्टरांनी पाय बघून एकच विचारलं, "कशाने घासता?"

कोंडा का धरतो ते तेव्हा समजलं. जुन्या पेशी एकेक करून, नकळत गळतात. त्यांना धरून ठेवणारे टाके सोडवणाऱ्या विकरांना (एन्झाइमना) पाणी लागतं. थर कोरडा पडला की टाके सुटत नाहीत, पेशी एकमेकींना चिकटून राहतात आणि मग पापुद्र्यांनी निघतात. म्हणजे तो मळ नव्हताच, पाण्याची टंचाई होती. आणि मी रोज घासून गिलावाच उडवत होतो. घासणी फेकली, ओलसर अंगावर साधी पेट्रोलियम जेली लावत राहिलो. पाय ताळ्यावर यायला महिना लागला.

दुसरी चूक साबणाची. निरोगी त्वचेचा वरचा थर किंचित आम्लधर्मी असतो, सामू (pH) 5 च्या आसपास. नेहमीच्या साबणवडीचा सामू 9 ते 10. गिलावा तयार करणाऱ्या विकरांना आम्लता लागते आणि साबणाने ती काही तासांसाठी तरी बिघडते. बोट फिरवल्यावर 'कुईं' वाजलं की लोकांना स्वच्छ वाटतं; मला ते तेल गेल्याचं रडगाणं वाटतं. मी काखा, जांघा आणि पावलं सोडून साबण लावत नाही. अंगाला वास येत नाही, विचारून खात्री केली आहे.

कढत पाणी: अंग शेकून निघाल्याचं सुख मिळतं, गिलावा मात्र धुपतो. कोमट घ्या.

लिंबू आणि खायचा सोडा: एक फार आम्ल, दुसरा अल्कधर्मी. दोन्ही स्वयंपाकघरात ठेवा.

अंग खडखडीत कोरडं झाल्यावर क्रीम: उशीर झाला. टॉवेलने टिपून लगेच लावा.

एकाच आठवड्यात मृत त्वचा उतरवणाऱ्या तीन आम्लांची सीरम: ही घाईची कमाल. तळाशी जन्मलेली पेशी वर यायला साधारण दोन आठवडे आणि गळून पडायला आणखी दोन. आठ दिवसांत फरक नाही म्हणून बाटली बदलणाऱ्यांना मी आता उत्तर देत नाही. आग होत असेल तर सगळं बंद करा. सौम्य धुणं आणि एक बिनवासाचं क्रीम, बस्स.

मैत्रिणीला गुण आला म्हणून तिचं स्टेरॉइड मलम: आठवडेच्या आठवडे लावलं तर त्वचा पातळ होते. भेगांतून रक्त किंवा पाणी येत असेल तर नळी शोधत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि जाताना घासणीबद्दल खरं सांगा.