बेटावरची अंडी वाचवायला निघालात? आधी या चुका टाळा

मार्च लागला की मला फोन यायला लागतात. "सर, कृष्णेचं पाणी उतरलंय, बेट उघडं पडलंय, सुरय पक्ष्यांनी अंडी घातलीत. आम्ही दहा जण येतोय संरक्षणाला." दहा जण! अहो, त्या बेटाची राखण करायला दोन माणसं पुरतात, आणि ती दोघंही अलीकडच्या काठावर बसलेली बरी.

नदी सुरय घरटं बांधत नाही. वाळूत पायांनी उथळ खळगा करतो, त्यात दोन-तीन अंडी, रंगाला वाळूसारखीच. कुंपण म्हणाल तर भोवतीचं पाणी, बस्स. समुद्रातल्या बेटांवर अल्बाट्रॉस नि पेट्रेल हे समुद्रपक्षी याच भरवशावर राहिले. तिथे तर हजारो वर्षं जमिनीवरून चालत येणारा शिकारी प्राणीच नव्हता, त्यामुळे जमिनीवर किंवा बिळात अंडी घालून ते निर्धास्त बसायचे. मग माणसाची जहाजं आली, त्यांतून उंदीर उतरले, मांजरं उतरली. आपल्याकडे जहाज येत नाही. आपण पायवाट करतो.

उंदरांवर उपाय म्हणून मांजर

ही माझी स्वतःची चूक, म्हणून सविस्तर सांगतो.

आठ-नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. बेट कुठलं ते सांगणार नाही. भिलवडीच्या वर की खाली, तेही नाही. बेटाच्या शेपटाकडे एका मासेमार मामांची खोप होती. उन्हाळ्याचे तीन महिने ते तिथेच. खोपीत जाळी, सुकवलेली मासळी, भाकरीची दुरडी. साहजिकच उंदीर आले आणि जाळी कुरतडायला लागले. आमच्यातला एक नवा, उत्साही पोरगा म्हणाला, विष नको, नैसर्गिक उपाय करू. दुसऱ्या दिवशी पिशवीतून तांबडा बोका घेऊन हजर. मी तिथेच उभा होतो. मीही मान डोलावली. उंदीर अंडी खातात हे मला ठाऊक होतं, त्यापुढचा विचारच केला नाही.

तेव्हा बेटावर सुरयांचे चौदा खळगे होते. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पिल्लं दिसायला लागली आणि दुसऱ्या आठवड्यात नाहीशी व्हायला लागली. वाळूवर नुसते पंख. सगळ्यांनी मिळून मुंगसाला शिव्या घातल्या. काठावर ऊस, उसात मुंगूस, म्हणजे तोच चोर! चार दिवस आम्ही काठावर मुंगसाची वाट बघत बसलो. पाचव्या दिवशी ओल्या वाळूवर ठसे नीट बघितले. गोल, चार बोटांचे, नखाचा मागमूस नाही. मुंगसाची नखं वाळूत उमटतात. मांजर चालताना नखं आत घेतं.

मामांना विचारलं, बोक्याला खायला काय घालता? म्हणाले, "त्याला काय घालावंच लागत न्हाई बघा सर. आपलं आपण पोट भरतंय."

पिंजरा लावला, आत सुका बोंबील ठेवला. बोका ढुंकून बघेना. ताजी पिल्लं समोर असताना बोंबील कोण खाईल? अकराव्या रात्री सापडला. तोवर चौदातले दोन खळगे राहिले होते. उंदीर होते तेवढेच होते. ते अखेर कशाने कमी झाले? पत्र्याच्या एका पेटीने. भाकरी-मासळी पेटीत ठेवली, जाळी तारेवर उंच टांगली, खोपीभोवतीचं मासळीचं खरकटं रोज काठावर नेऊन पुरलं. महिन्याभरात उंदरांना तिथे राहण्यासारखं काही उरलं नाही.

नंतर वाचताना कळलं की या चुकीत आम्ही एकटे नव्हतो. हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाला मॅरियन नावाचं बेट आहे. तिथल्या हवामान केंद्रात उंदीर फार झाले म्हणून 1949 साली पाच मांजरं नेली. 1977 पर्यंत त्यांची सुमारे 3,400 झाली आणि ती वर्षाला साडेचार लाखांच्या आसपास समुद्रपक्षी मारत होती. शेवटचं मांजर काढायला 1991 उजाडलं. उंदीर आजही तिथेच आहेत, आणि आता तेच अल्बाट्रॉसच्या पिल्लांना कुरतडतात.

मुंगसाचंही तेच. 1872 मध्ये कलकत्त्याहून नऊ मुंगसं जमैकाला नेली, उसातले उंदीर मारायला. तिथून 1883 मध्ये त्यांची पिलावळ हवाईत नेली, तीही उसासाठीच. उंदीर रात्रीचा, मुंगूस दिवसाचं, गाठ पडणार कधी? मुंगसांनी जमिनीवरची घरटी फस्त केली. आपल्या इथलं मुंगूस मात्र इथलंच आहे. सुरय नि टिटव्या त्याला पिढ्यान्‌पिढ्या ओळखतात, आणि कायद्यानेही ते संरक्षित आहे. उगाच त्याच्या मागे लागू नका.

बूट भिजू नयेत म्हणून केलेली वाट

नव्या लोकांची मला सर्वांत जास्त चीड येते ती इथे. बेट आणि काठ यांच्यात उन्हाळ्यात एक अरुंद धार उरते. कॅमेरावाले येतात, बूट महागाचे, पाण्यात उतरायला नको. मग रिकाम्या पोत्यांत वाळू भरून धारेत टाकतात आणि दोन फोटोंसाठी पूल तयार. फोटो काढून झाले की पोती उचलतं कोण? एका वर्षी अशा पुलावरून दुसऱ्याच पहाटे तीन कुत्री गेली. आम्ही पोचलो तेव्हा बेटावर कुत्र्यांच्या पायांचा चिखल आणि वर सुरयांचा नुसता आक्रोश. एकही अंडं राहिलं नाही. वाळू उपसणारे ट्रॅक्टरसाठी पात्रात मुरूम टाकून रस्ता करतात, त्याचंही असंच. ट्रॅक्टर रात्रीतून निघून जातो, कुत्र्यांचा रस्ता पावसाळ्यापर्यंत राहतो.

कुत्र्याला पोहता येतं हे खरं, पण कारण नसताना ते सहसा धारेत उतरत नाही. कारण आपण देतो: पार्टीची कोंबडीची हाडं, मासळीची आतडी, बिस्किटं. आणि कुत्री पकडून दुसऱ्या गावात सोडू असं म्हणणाऱ्यांनी भटक्या कुत्र्यांबद्दलचे 2023 चे सरकारी नियम वाचावेत. नसबंदी करून कुत्रं जिथून उचललं तिथेच सोडायचं असतं.

माझी सवय साधी आहे. रोज सकाळी काठी घेऊन धारेपाशी जायचं आणि खोली बघायची. पाणी गुडघ्याच्या खाली आलं की समजायचं, आता कुत्रं चालत जाणार. खालच्या बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, कधी काढणार आणि कधी घालणार, हे तिथल्या माणसाला आधीच विचारून ठेवायचं. बरगे काढले की बेट काठाला चिकटतं, घातले की अंडी पाण्याखाली जातात. अॅपवर हे कुठेही दिसत नाही. चहा पाजून विचारावं लागतं.

विष

परवाच एकाने दक्षिण जॉर्जिया बेटाची बातमी पाठवली. हेलिकॉप्टरमधून विषारी गोळ्या टाकल्या आणि 2018 मध्ये बेट उंदीरमुक्त जाहीर झालं. खाली विचारणा: "आपणही टाकूया का? दुकानात मिळतं." बाबांनो, तिथे भोवती गोठवणारा समुद्र आहे, बेटाचे भाग हिमनद्यांनी एकमेकांपासून तोडलेले आहेत, आणि मागे कित्येक वर्षांची तयारी होती. एवढं करूनही जमेलच असं नाही. अटलांटिकमधल्या गॉफ बेटावर धान्याच्या पोत्यात सापडतो तसला बारका उंदीर अल्बाट्रॉसची जिवंत पिल्लं खातो. पन्नास ग्रॅमही न भरणारा प्राणी! 2021 मध्ये तिथे असंच विष टाकलं आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात उंदीर पुन्हा दिसला. आपल्या बेटावर काठावरच्या मळ्यातला उंदीर एका रात्रीत पोहून येईल. विष मात्र घुबड, घार आणि कुणाचं तरी कुत्रं खाईल.

बारीकसारीक

आधी चोर ठरवून मग पुरावे शोधू नका. अंडी घालायच्या आधीच, फेब्रुवारीत, काठाकडची वाळू खराट्याने सारखी करून ठेवा आणि सकाळी ठसे वाचा. नखं दिसली तर बहुधा कुत्रं किंवा मुंगूस, मधोमध शेपटी ओढल्याची रेघ असेल तर घोरपड. काहीच नसेल आणि वाळू गुळगुळीत झाली असेल तर पाणी येऊन गेलं.

"फक्त पाच मिनिटं" बेटावर जाऊ नका. एप्रिलच्या उन्हात सुरय पोटाची पिसं भिजवून आणतात आणि अंडी गार ठेवतात. तुमच्या पाच मिनिटांत अंडी उकडतात.

ड्रोन घरी ठेवा.

एकटं दिसणारं पिल्लू उचलून आणू नका. आई वरच असते, बहुतेक तुमच्या डोक्यावर शिटत.

फोटोखाली गावाचं नाव टाकू नका.

आणि ज्यांच्याकडे नको असलेलं मांजर आहे त्यांना हात जोडून विनंती, पोत्यात घालून नदीपलीकडे सोडू नका. "पाणी ओलांडलं की वाट विसरतं" म्हणतात. वाट विसरत असेल, भूक विसरत नाही. त्या तांबड्या बोक्याचं काय करायचं, यावर आमच्यात बराच वाद झाला. शेवटी मीच घरी आणला. अजून आहे. दार लावूनच ठेवावं लागतं. खिडकीत बसून बाहेरच्या चिमण्यांकडे बघत दात कटकट वाजवतो, आणि बोंबील आजही खात नाही.