अमेरिकेतून आणलेला राउटर घरी चालत नसेल तर

बॅगेतून काढलेला राउटर थेट भिंतीत खोचू नका. आधी अडॅप्टरवरची बारीक अक्षरं वाचा. दिसत नसतील तर मोबाइलने फोटो काढून मोठी करा. ‘इनपुट’समोर १००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असेल तर आपल्या २३० व्होल्टवर तो बिनधास्त चालतो. हल्लीचे हलके अडॅप्टर बहुतेक असेच असतात. नुसतं १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ असेल तर मात्र लावायचाच नाही. जुन्या राउटरसोबतचे जड, ठोकळ्यासारखे अडॅप्टर बऱ्याचदा या जातीचे निघतात. आत साधा ट्रान्सफॉर्मर असतो, जवळजवळ दुप्पट दाब आला की तापून जळतो.

त्यासाठी मोठा व्होल्टेज कन्व्हर्टर घेत बसू नका, अडॅप्टरच बदला. ‘आउटपुट’ काय आहे ते पाहा, उदाहरणार्थ १२ व्होल्ट, १.५ अँपिअर. नवा अडॅप्टर तेवढ्याच व्होल्टचा हवा. अँपिअर जास्त चालतील, कमी नाही. कमी पडले तर राउटर सुरू होतो, दिवे लागतात, आणि चार मोबाइल जोडले की आपोआप रीस्टार्ट होतो. मग सगळे लाइनला नावं ठेवतात. पिनही जुळली पाहिजे: बाहेरून बहुधा ५.५ मिमी, आतलं भोक २.१ किंवा २.५ मिमी. २.१च्या जागी २.५ची पिन बसते, पण ढिली राहते. दुकानात जाताना राउटर सोबतच न्या, आणि मधलं टोक धन की ऋण हे दाखवणारं गोलांचं चिन्ह दोन्हींवर सारखं आहे ना, तेही बघा. मूळ अडॅप्टर चांगला असला तरी त्याच्या चपट्या पिना आपल्या एक्स्टेन्शन बोर्डात सैल बसतात. हात लागला की नेट जातं, त्याचं कारण हेच. घट्ट बसणारा प्लग कन्व्हर्टर लावा.

वीज ठीक असेल तर मागची भोकं पाहा. टीव्हीच्या केबलसारखं आट्यांचं गोल कनेक्शन आहे आणि ‘वॅन’ किंवा ‘इंटरनेट’ लिहिलेला पोर्ट (बाहेरून येणारी नेटची वायर लावायचं भोक) नाही, तर तो राउटर नसून अमेरिकी केबल मोडेम आहे. फायबरच्या घरात तो उपयोगाचा नाही. ‘डीएसएल’ लिहिलेलं टेलिफोनचं भोक एकटंच असेल तरी तेच.

आता दोष लाइनचा की राउटरचा ते ठरवा. फायबरच्या डब्यातून, म्हणजे ओएनटीमधून येणारी लॅनची, म्हणजे नेटवर्कची वायर थेट लॅपटॉपला लावा. नेट आलं तर ओएनटीच लॉगिन करतोय. राउटरच्या सेटिंगमध्ये वॅनचा प्रकार ‘ऑटोमॅटिक’ किंवा ‘डायनॅमिक आयपी’ ठेवा. नाही आलं तर बहुधा लॉगिन तुम्हाला करायचं आहे, आणि बहुतेक वेळा घोडं इथेच अडतं. अमेरिकेतल्या केबल मोडेमला लॉगिन लागत नाही, म्हणून राउटर स्वतःहून ‘ऑटोमॅटिक’ धरून बसतो. आपल्याकडे अनेक ठिकाणी पीपीपीओई, म्हणजे युजरनेम-पासवर्ड देऊन जोडायची पद्धत चालते. वॅनचा प्रकार ‘पीपीपीओई’ निवडा आणि कंपनीकडून घेतलेलं युजरनेम, पासवर्ड भरा. व्हीलॅन आयडी (कंपनीच्या जाळ्यात नेटचा वेगळा मार्ग ओळखणारा क्रमांक) लागतो का, तेही त्याच फोनवर विचारा. लागत असूनही भरला नाही तर पासवर्ड बरोबर असून जोडणी होत नाही.

सगळं बरोबर भरूनही नकारच येतोय? जुना राउटर बंद करून दहा मिनिटं थांबा, त्याचं सत्र कंपनीकडे अजून चालू असू शकतं. तरीही नाही, तर लाइन जुन्या राउटरच्या मॅक पत्त्याला (प्रत्येक उपकरणाचा स्वतःचा ओळख क्रमांक) बांधलेली असेल. स्थानिक केबलवाले हे बऱ्याचदा करतात. जुन्या राउटरच्या पाठीवरचा मॅक पत्ता नव्यात ‘मॅक क्लोन’मध्ये टाका, किंवा त्यांना नवा पत्ता कळवा.

जोडणी झाली पण पानं उघडत नाहीत, तर ओएनटी आणि राउटर दोघंही १९२.१६८.१.१ हा एकच नेटवर्क पत्ता धरून बसलेत का ते पाहा. राउटरचा पत्ता १९२.१६८.५०.१ करा. पीपीपीओई असताना एमटीयू (एका वेळी पाठवायच्या डेटाच्या तुकड्याचा कमाल आकार) १४९२ ठेवा, नाहीतर काही साइट उघडतात, काही अडकतात.

अमेरिकी वायफाय इथे चालणार नाही, ही भीती मात्र लोकांना उगाचच जास्त असते. अमेरिकी राउटरमध्ये वायफायच्या २.४ गीगाहर्ट्झ पट्ट्यात चॅनल १ ते ११ असतात, आपल्याकडे १३ पर्यंत चालतात. त्याने काही बिघडत नाही. उलट घरातला इथला राउटर १२ किंवा १३ वर असेल तर अमेरिकेत घेतलेल्या लॅपटॉपला तो कदाचित दिसणार नाही, म्हणून १, ६ किंवा ११ ठेवा. ५ गीगाहर्ट्झला ३६ ते ४८ मधलं चॅनल निवडा. ५२ ते १४४ या पट्ट्यात राउटरला आधी रडार आहे का ते तपासावं लागतं, त्यामुळे सुरू केल्यावर मिनिटभर नेटवर्कच दिसत नाही.

टाइम झोन +५:३० करायला विसरू नका. न्यूयॉर्कची वेळ राहिली तर उन्हाळ्यात मुलांसाठी रात्री दहाला बंद व्हायचं नेट सकाळी साडेसातला बंद होतं, नेमकं ऑनलाइन तासाच्या आधी.

वायफायच्या सेटिंगमध्ये देश बदलायची सोय अमेरिकी मॉडेलमध्ये बहुधा नसतेच. ती मिळवायला दुसऱ्या देशाचं फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर चढवू नका. नाव तेच असलं तरी आतली चिप आणि हार्डवेअर आवृत्ती वेगळी असू शकते, आणि मध्येच अडकलं तर राउटरचा दगड होतो. फर्मवेअर घ्यायचंच असेल तर तळाच्या स्टिकरवरची आवृत्ती आणि देशाचा कोड जुळवून, कंपनीच्या अमेरिकी साइटवरूनच घ्या. चढवताना घरातले दिवे जाणार नाहीत अशी वेळ निवडा, नाहीतर इन्व्हर्टरवर लावा.