ओल्या हॉप्सची हंगामी बिअर चाखताना या चुका टाळा

हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी वेलीची फुलं. त्यांची तोडणी वर्षातून एकदाच होते: उत्तर गोलार्धात ऑगस्टअखेर ते सप्टेंबर, न्यूझीलंडमध्ये फेब्रुवारीअखेर ते मार्च. एरवी ती भट्टीत साधारण ६० अंश सेल्सिअसला वाळवतात. त्यांतलं पाणी ७५-८० टक्क्यांवरून १० टक्क्यांच्या आसपास येतं आणि माल वर्षभर पुरतो. हंगामी बिअरसाठी ही वाळवणी वगळतात. वेलावरून उतरवलेली फुलं शक्यतो २४ तासांत बिअरमध्ये पडतात, कारण ओला ढीग आतून तापतो आणि कुजायला लागतो. कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेव्हाडा ब्रुअरीने १९९६ मध्ये हार्वेस्ट एल ही ओल्या हॉप्सची पहिली बिअर काढली, तेव्हा वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा खोऱ्यातून ओले हॉप्स तातडीने आणावे लागले ते याचसाठी. म्हणजे हा भाजीच्या जातीचा माल. लोक त्याला जुन्या वाइनच्या जातीचा समजतात आणि गडबड तिथेच होते.

लेबल न वाचता घेणं

‘वेट हॉप’ म्हणजे न वाळवलेली फुलं. ‘फ्रेश हॉप’ मात्र काही जण त्याच हंगामात नुकत्याच वाळवलेल्या हॉप्सलाही म्हणतात. दोन्ही चांगल्या असू शकतात, पण चव वेगळी. त्याहून महत्त्वाची पॅकिंगची तारीख. भरल्यापासून चार-सहा आठवड्यांत संपवा, तोवर फ्रिजमध्ये ठेवा. ‘खास आहे, सणाला उघडू’ म्हणून कपाटात ठेवलेल्या कॅनमधून हिरवा वास आधी उडतो, मग मधासारखा गोडसर आणि शेवटी ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो. हा प्राणवायूचा परिणाम आहे आणि उष्णतेत तो झपाट्याने वाढतो. एकदा आला की फ्रिजमध्ये ठेवूनही जात नाही.

आयपीएसारख्या दणक्याची अपेक्षा

आयपीए म्हणजे भरपूर हॉप्सची कडवट बिअर. इथे ओले हॉप्स वाळलेल्यांच्या पाच-सहा पट वजनाने घालावे लागतात, तरी बिअर सौम्य वाटते. पटीतला मोठा वाटा नुसत्या पाण्याचा असतो. शिवाय त्या ताज्या फुलांत कडवटपणा किती, हे मोजायला वेळ नसतो. म्हणून बरेच ब्रुअर कडवटपणासाठी सुरुवातीला वाळलेले हॉप्स वापरतात आणि ओले शेवटी, सुगंधापुरते घालतात. शोधायचं ते कापलेलं गवत, काकडी, कलिंगडाची साल, हिरवा चहा. यांतलं काही मिळालं तर बिअर जमली आहे.

हिरवेपणाला दोष समजणं, आणि दोषाला हिरवेपणा

सर्वांत जास्त घोळ इथे होतो. चांगला हिरवा वास नाकात येतो आणि घोटाबरोबर निघून जातो. वाईट हिरवेपणा जिभेवर बसतो. फार उकळलेल्या कोऱ्या चहासारखा तुरट, हिरड्या कोरड्या करणारा. फुलं बिअरमध्ये गरजेपेक्षा जास्त वेळ राहिली की पानांतलं टॅनिन असं उतरतं. दुसरा घोट घेऊन दहा सेकंद थांबा. तुरटपणा वाढत गेला तर तो दोषच.

शिजलेल्या मक्याचा किंवा कोबीचा वास आला तर हॉप्सला बोल लावू नका. तो बहुधा माल्टकडून, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याकडून, येणाऱ्या डायमिथाइल सल्फाइडचा असतो. लोण्याचा वास मात्र हॉप्समुळेही येऊ शकतो. फुलांतली एन्झाइम्स उरलेली साखळीदार शर्करा तोडतात, यीस्ट पुन्हा कामाला लागतं आणि लोण्याच्या वासाचं डायसेटिल तयार होतं. शंका आली तर ग्लास तळहातांत पाच मिनिटं धरा, वर हात झाका आणि हुंगा. वास दाट झाला आणि जीभ बुळबुळीत वाटली तर उत्तर मिळालं. यीस्ट असं पुन्हा कामाला लागल्यानेच कॅन उघडताच भसाभसा फेस उसळू शकतो. स्कंक या प्राण्याच्या दुर्गंधीशी तुलना होणारा उग्र वास आला तर उजेड लागला आहे. पारदर्शक आणि हिरव्या बाटल्यांत हे लवकर होतं. थोडा गढूळपणा किंवा तळाचे हिरवट कण यांत काही बिघडलेलं नाही, शेवटचा बोटभर भाग ओतू नका म्हणजे झालं.

बर्फगार ग्लास

फ्रीझरमधला ग्लास नकोच. थंडीने वास दबतो आणि वितळणाऱ्या बर्फाने बिअर पातळ होते. फ्रिजमधून काढून दहा-पंधरा मिनिटांनी, ७ ते १० अंशांना ओता. ट्युलिप ग्लास एक-तृतीयांशच भरा, वास साठायला जागा लागते. फेसाखाली काचेला बुडबुडे चिकटून राहिले तर ग्लास तेलकट आहे. धुऊन गार पाण्याने खळबळा.

घाईघाईत चाखणं

फेस ताजा असतानाच पहिला वास घ्या. मग ग्लास फिरवून दोन-तीन छोटे हुंगे. लांब श्वास घेतला की नाक लगेच थकतं. घोट गिळा आणि नाकाने श्वास सोडा; अर्धा सुगंध तिथेच कळतो, त्यामुळे थुंकून चाखण्याची पद्धत इथे तोट्याची. क्रमात ओल्या हॉप्सची बिअर आयपीए आणि काळ्या, भाजक्या चवीच्या स्टाउटच्या आधी. कडवटपणा साचत जातो, म्हणून ६० ते ९० मिलिलिटरचे चार-पाच नमुने पुरेत, मध्ये पाणी आणि बिनमिठाचा साधा पाव. आधीच्या तासाभरात कॉफी, तिखट, पुदिन्याची टूथपेस्ट टाळा. अत्तर तर अजिबात नको, शेजाऱ्याचंही नाक त्याने बिघडतं. साधारण ५ ते ७ टक्के अल्कोहोल असतं, तेव्हा परतीची गाडी दुसऱ्याच्या हाती द्या.

फरक नेमका पकडायचा असेल तर कॅस्केड या हॉप्सच्या जातीच्या ओल्या फुलांची पेल एल (फिकट रंगाची बिअर) आणि वाळलेल्या कॅस्केडची पेल एल शेजारी ठेवा. कुठल्या ग्लासात कोणती हे दुसऱ्याला ठरवू द्या आणि ओळखून झाल्यावर पहिला ग्लास पुन्हा हुंगा. तोवर तो जरा कोमट झालेला असतो आणि मघाशी निसटलेलं बरंच काही सापडतं.