बीजीएमआयमध्ये रँडम टीममधला चांगला माणूस कसा ओळखायचा

बीजीएमआय, म्हणजे बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया हा चौघांच्या टीमनं खेळायचा मोबाइलवरचा शूटिंग गेम, जुलै २०२१ मध्ये आला तेव्हापासून मी खेळतोय, त्याच्याआधी पबजी मोबाइल होतंच, २०२० च्या सप्टेंबरात त्यावर भारतात बंदी येईपर्यंत. यातला निम्म्याहून जास्त वेळ रँडम, म्हणजे गेमनंच टीममध्ये जोडून दिलेल्या अनोळखी लोकांसोबत गेलाय कारण आमच्या चौघांची वेळ कधी जुळतच नाही, एकाची सेकंड शिफ्ट असते, एकाची परीक्षा. पण रँडममध्ये मला जी माणसं भेटली त्यातले तिघं आज माझे पक्के दोस्त आहेत. चांगली माणसं असतात तिथं, फक्त बघायचं कुठं ते कळलं पायजे.

पहिलं म्हणजे केडी, म्हणजे मरण्याच्या मानानं किती जणांना मारलं तो आकडा, बघून माणूस ठरवू नका. लॉबीत, म्हणजे मॅचच्या आधी टीम जमते तिथं, आल्याआल्या लोक केडी विचारतात, पण मोठ्या केडीवाला बऱ्याचदा पोचिंकीत, मॅपवरच्या गर्दीच्या गावात, एकटाच उडी मारतो, दोघांना ठोकतो, मरतो आणि लगेच बाहेर पडतो, बाकीचे तिघं राहतात तसेच. त्यापेक्षा विमानात असताना लक्ष द्या, जो मॅपवर मार्कर टाकून विचारतो "इथं चालेल का, का स्कूलला जायचं" आणि तुम्ही नको म्हटल्यावर ऐकतो, त्याच्यासोबत पुढची मॅच पण खेळायला हरकत नाही.

मग लूट करताना, म्हणजे पडलेलं सामान गोळा करताना कळतं. एम४१६ बंदुकीला ५.५६ ची गोळी लागते, एकेएमला ७.६२ ची, आणि जो माणूस "तुझ्याकडे एकेएम आहे ना, इथं ७.६२ पडलीये" म्हणून मार्क करतो त्याच्या डोक्यात आपल्यासोबत टीमच्या बाकीच्यांचा पण विचार चालू असतो. आपण पण तेच करायचं. दोन दोन फोर एक्स, म्हणजे चारपट जवळ दाखवणारे स्कोप, घेऊन फिरू नका, एक टाकून द्या. आणि ज्यानं एनेमी मारला त्या एनेमीच्या क्रेटवर, म्हणजे मेल्यावर पडणाऱ्या सामानाच्या पेटीवर, पहिला हक्क मारणाऱ्याचा, त्याचं घेऊन झालं की मग आपण.

पण खरा माणूस कळतो तो तुम्ही नॉक झाल्यावर, म्हणजे गोळी लागून खाली पडल्यावर, तेव्हा टीममधला कुणी तुम्हाला परत उचलू शकतो. या उचलण्याला, म्हणजे रिवाइव्हला, १० सेकंद लागतात, तेवढा वेळ उचलणाऱ्याला गोळी चालवता येत नाही, म्हणजे तो तुमच्यासाठी स्वतःला उघड्यावर ठेवतो. कच्चा प्लेअर सरळ धावत येतो आणि दोघं मरतात. जाणकार आधी विचारतो कुठनं लागली, मग स्मोक, म्हणजे धुराचा बॉम्ब टाकतो, धूर पसरेपर्यंत थांबतो आणि मगच येतो. कधी कधी तो येतच नाही, पण सांगतो "दोघं बसलेत समोर, मला येता येणार नाही, तू भिंतीमागं सरक", आणि हे सांगणारा पण चांगलाच माणूस आहे, कारण तुम्हाला अंधारात नाही ठेवलं त्यानं. मला एकदा एका पुलाजवळ एका हैदराबादच्या पोरानं असंच उचललं होतं, स्वतःकडं एकच फर्स्ट एड उरला होता तो पण मलाच टाकला आणि वर म्हणाला "पहले तू ले, मेरा हेल्थ ठीक है". तो आजही माझ्या फ्रेंड लिस्टमध्ये सगळ्यात वर आहे.

अजून एक खूण आहे जी फार कमी लोक बघतात, ती म्हणजे स्वतः मेल्यावर माणूस काय करतो. चांगला टीममेट थांबतो, एनेमी कुठं आहे ते एका वाक्यात सांगतो, "लाल छतावर एक, हेल्थ कमी आहे", आणि मग गप्प बसतो. गप्प बसणं फार महत्त्वाचं आहे कारण शेवटच्या झोनमध्ये, म्हणजे खेळायची जागा आकसून अगदी छोटी होते तेव्हा, पावलांच्या आवाजावर सगळा खेळ असतो, आणि तेव्हा मागनं तिघं ओरडत असले, "डावीकडं डावीकडं, अरे मार ना", तर जिवंत असलेल्याला काहीच ऐकू येत नाही.

माइक तर बोलायच्या वेळीच चालू करा, घरात टीव्ही असतो, कुकरची शिट्टी असते, फॅन असतो, ते सगळं तिघांच्या कानात जातं. दोघं मराठी निघाले तर आनंदच होतो, पण टीममध्ये एक जरी मराठी न कळणारा असेल तर कॉल हिंदीतच द्या, नाहीतर तो बिचारा पूर्ण मॅच एकटाच खेळतो. मुलीचा आवाज आला की काही जण गेम सोडून इन्स्टा आयडी मागायला लागतात, असं कुणी करत असेल तर तिथल्या तिथं थांबवा, ती पण खेळायलाच आलीये. आणि लहान पोरं भेटतात, त्यांना शिव्या देऊ नका. त्यांना घाई असते, सगळीकडं रश करतात, म्हणजे विचार न करता एनेमीवर धावून जातात. शांतपणे "माझ्या मागं राहा" म्हटलं की ऐकतात.

आता सावध कुठं राहायचं ते सांगतो. एकानं माझ्यासोबत आठवडाभर मस्त खेळून, लूट देऊन, रिवाइव्ह देऊन विश्वास कमावला आणि मग म्हणाला, लॉगिन आयडी दे, रात्रीत रँक वाढवून देतो. मी दिला. अकाउंट परत मिळालंच नाही, सगळे स्किन, म्हणजे कपडे-बंदुकांचे डिझाइन, गेले, दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. म्हणून मदत करणारा जर लॉगिन, ओटीपी किंवा फुकट यूसीच्या, म्हणजे गेममधल्या पैशांच्या, लिंकवर आला तर तो कितीही गोड बोलत असला तरी लगेच ब्लॉक करा.

आणि ज्यानं खरंच मदत केली त्याला कळू द्या. मॅच संपल्यावर रिझल्टमध्ये लाइक द्यायला एक सेकंद लागतो, तो न देता लॉबीत पळू नका. फ्रेंड रिक्वेस्ट टाकली आणि त्यानं घेतली तर नुसतं हाय हॅलो करण्यापेक्षा नेमकं लिहा, "काल पुलाजवळ स्मोक टाकून तुम्ही उचललं होतं, तो मीच, आज ९ नंतर आहात का?"