शाळेआधी घराची घडी बसवायची तर गच्चीवर झोपा

इंदुरात शाळेचं वर्ष दोनदा सुरू होतं. एकदा १ एप्रिलला, तेव्हा पुस्तकं हातात पडतात आणि महिनाभरात सुट्टी लागते. दुसऱ्यांदा जूनच्या मध्याला, आणि ते खरं. या दोन्हींच्या मधल्या उन्हाळ्यात घर पार सैलावतं. दोन मुलांची शाळेची सकाळ गेली नऊ वर्षं माझ्याकडे आहे, म्हणून खालचं सगळं अनुभवाचं आहे. भिंतीवर रंगीत तक्ते लावा, मुलांना स्टिकर द्या, असले सल्ले इथे मिळणार नाहीत. आमच्याकडचे स्टिकर फ्रीजवर अजून तसेच आहेत.

१. कागद (मे महिन्यात)

आधार, जन्मदाखला आणि समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा ओळख क्रमांक) समोर ठेवून नावं अक्षर-अक्षर ताडून बघा. समग्रचे आकडे दोन असतात: कुटुंबाचा आठ आकडी आणि मुलाचा नऊ आकडी. शाळेत बहुधा दुसरा लागतो आणि आपण पहिला लिहून येतो. आपल्या मराठी घरांचं आणखी एक दुखणं म्हणजे ळ. हिंदी नोंदीत काळेचं काले होतं, आणि मग एका कागदावर ळ, दुसऱ्यावर ल. माझं मत स्पष्ट आहे: अस्मिता बाजूला ठेवा आणि सगळीकडे एकच ठेवा. दुरुस्ती करायची तर मेमध्येच करा, जूनमध्ये रांगेत उभं राहून नव्हे.

२. खरेदी

कापी-पुस्तकं खजुरी बाजारात, दुपारी. बूट संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाय थोडे फुगतात. पुढे अंगठ्याएवढी जागा ठेवा, दोन अंगठ्यांएवढी नको. नर्मदेचं पाणी आमच्याकडे एक दिवसाआड येतं, म्हणून प्रत्येक मुलाला गणवेशाचे तीन जोड. दोनात भागतं म्हणणाऱ्यांकडे बोअरिंग असतं.

एकदा पुण्याच्या बहिणीला फोनवर म्हटलं, "पोरांचा बस्ता बांधून झाला." तिने विचारलं, "अरे, लग्न कुणाचं?" तिकडे दप्तर म्हणतात.

३. झोप (शाळेच्या दहा दिवस आधीपासून)

खरी अडचण इथेच आहे, आणि मी इथेच तीन वर्षं सलग आपटलो.

सगळे सांगतात, मुलांना लवकर झोपवा. मीही तेच करायचो. शाळेच्या चार दिवस आधी नऊ वाजता खोलीत अंधार, कूलर सुरू, मोबाइल बंद. दोघं अकरापर्यंत छताकडे बघत कुजबुजायची आणि मी दाराबाहेरून ओरडायचो. पहिल्या दिवशी सहा पन्नासची बस समोरून निघून गेली. थोरला एका पायात मोजा घालून जिन्यात उभा होता.

चूक कुठे होती ते कळायला वेळ लागला. नऊला उठलेल्या मुलाला रात्री नऊला झोप येणारच नाही. झोपायची वेळ आपल्या हातात नसते, उठायची असते. म्हणून आधी उठणं मागे आणायचं, रोज वीस मिनिटांनी. नऊवरून पावणेसहाला यायला साधारण दहा दिवस लागतात, म्हणून दहा दिवस आधी. चार दिवसांत हे होत नाही, उगाच प्रयत्न करू नका.

आता गच्ची. एका जूनमध्ये कूलरची मोटर जळाली आणि आम्ही सगळे नाइलाजाने वर झोपायला गेलो. माळव्याच्या रात्रीला शब-ए-मालवा उगाच म्हणत नाहीत. दिवसभर अंग भाजलं तरी रात्री वारा सुटतो. जूनमध्ये इथे सूर्य पावणेसहाच्या आसपास उगवतो. पहिले दोन दिवस पोरांनी चादर डोक्यावर ओढली, पण पडद्याआडच्या खोलीत नऊपर्यंत लोळणारी हीच मुलं चौथ्या दिवशी सातला उठून बसली. हाक मारावी लागली नाही. सकाळचा उजेड शरीराचं घड्याळ मागे ओढतो, आणि मी तो जाड पडदे लावून अडवत होतो. पाऊस लागेपर्यंत गच्ची वापरा. गच्ची नसेल तर अंथरूण पूर्वेच्या खिडकीखाली हलवा आणि पडदा काढून टाका.

खरा शत्रू मात्र दुपारचा आहे. आमरस, त्यावर कूलर, त्यावर आजीच्या कुशीत दोन तास. आई म्हणायची, "निजू दे रे लेकरांना, सुट्टी आहे." मी आईशी वाद घालणं सोडलं आणि दुपारी तीनला पत्त्यांचा डाव मांडायला लागलो. आई स्वतःच खेळायला बसली. या दहा दिवसांत दुपारची झोप पूर्ण बंद, त्यात सूट नाही.

रात्रीचं जेवण साडेसातला. सूर्य मावळतो सात-सव्वासातला, तेव्हा "अजून उजेड आहे" ही सबब ऐकायची नाही. सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत जाणं बंद. तिथली दुकानंच सोन्याचांदीची शटरं पडल्यावर लागतात, तिथून भुट्ट्याचा कीस खाऊन साडेअकराला परतलेलं मूल सकाळी उठणार नाही. पाहुणे आले तर मोठ्यांनी जावं. मी जातो.

सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप लागते. पावणेसहाला उठायचं तर पावणेनऊला डोळे मिटलेले हवेत, आणि हा हिशेब मोठ्यांना आवडत नाही, कारण टीव्ही त्यांनाच बघायचा असतो. रविवारीही उठण्यात अर्ध्या तासाहून जास्त सूट नको, नाहीतर सोमवारी पुन्हा पहिला दिवस.

४. डबा

पोहे नकोत. इंदुरी पोहे वाफेवरच गोड लागतात, डब्यात साडेदहापर्यंत त्यांची खडी होते. पराठा, लोणचं, विषय संपला.

५. कॅलेंडर

अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे देखाव्यांच्या मिरवणुका, रात्रभर चालतात, म्हणून दुसऱ्या दिवसावर आत्ताच खूण करा. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, नेमकी परीक्षांच्या दिवसांत येते, तीही लिहून ठेवा. राजवाड्याहून रंगून आलेला बस्ता मी एकदा धुतलाय. निळा रंग अजून गेलेला नाही.